मुक्कामी ड्यूटी

बाबांनी मला परवानगी दिली आणि मी इंग्लंडला गेलो.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. परवानगी अजून मिळालेली नाही, मी कुठंही गेलेलो नाही, आणि ज्येष्ठातल्या एका सकाळी नागपूरच्या विहारात भन्ते शीलवंसांसमोर हात जोडून उकिडवा बसलो आहे. पायाला मुंग्या आल्या आहेत.

"तू मनुष्य आहेस का?" भन्तेजींनी विचारलं.

"आम, भन्ते." म्हणजे, होय.

"विचार करून सांग."

"बहुतेक, भन्ते."

"बहुतेक चालत नाही."

श्रामणेराचा पूर्ण भिक्षू होतो तेव्हा संघासमोर त्याला हे प्रश्न विचारतात. पहिल्या प्रश्नाला इतिहास आहे. फार पूर्वी एक नाग माणसाचं रूप घेऊन भिक्षू झाला. दिवसभर उत्तम वागला, रात्री झोपेत रूप सुटलं आणि सकाळी कुटी वेटोळ्यांनी खिडकीपर्यंत भरलेली सापडली. तेव्हापासून विचारून घेतात. मी दोन वर्षं श्रामणेर होतो आणि माझ्या झोपेबद्दल घोरण्यापलीकडे तक्रार नव्हती. तरी सराव करावा लागतो.

"कोड, कुष्ठ, गळू, फेफरं?"

"नत्थि, भन्ते."

"राजाच्या नोकरीत आहेस?"

"एस.टी.ची परीक्षा दिली होती. नापास झालो."

"म्हणजे नाहीस. आई-वडिलांची परवानगी आहे?"

इथं मी थांबलो.

आईची होती. मी चीवर घेतलं तेव्हा ती म्हणाली होती, "जा, पण जेवत जा." बाबा तेव्हा शेजारीच बसले होते आणि काही बोलले नव्हते. ते विचार करताहेत असं आम्हाला वाटलं. ते विसरायला लागले होते. पुढच्या वर्षी आई गेली आणि बाबांचा विचार काही पूर्ण झाला नाही.

"वडिलांना आता काही कळत नाही, भन्ते."

"त्यांना कळत नाही, हे तुला कळतं. मग विचारायला काय हरकत आहे?"

"ते मला ओळखत नाहीत."

"वडील ओळखतात का, असा प्रश्न नाहीये. परवानगी आहे का, असा आहे." भन्तेजींनी डोळे मिटले. लंकेत बारा वर्षं काढलेल्या या उमरेडच्या माणसानं डोळे मिटले की वाद संपला असं समजायचं. मग डोळे न उघडताच म्हणाले, "उद्या पवनीला जाऊ. मीही येतो. मला कानांनी ऐकायचंय."

घाई होती ती इंग्लंडची. बर्मिंगहॅमजवळच्या एका गावातल्या विहारात सात महिने भिक्षू नव्हता. तिथले म्हातारे भन्ते लंकेला परत गेले होते. विहाराचे ट्रस्टी बंगाजी, मूळचे जालंधरकडचे, दर रविवारी मला फोन करायचे.

"भन्तेजी, आषाढी पूर्णिमा तक आ जाओ. यहाँ लोग बिना भिक्खु के मर रहे हैं."

"भिक्खु हो तो नहीं मरते?"

"मरते हैं. पर ढंग से मरते हैं."

त्यांना वर्षावासाच्या, म्हणजे भिक्षूनं एकाच जागी काढायच्या पावसाळी तीन महिन्यांच्या, आधी माणूस हवा होता आणि पूर्ण भिक्षूच हवा होता. हिंदी येणारा, परित्राणपाठ न बघता म्हणणारा. आमच्याकडे असे दोघं होते. दुसऱ्यानं लग्न केलं.

*

आमचं घर बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर. बाबा दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, बनियन आणि लुंगी, हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र.

"भंडाऱ्याकडं जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे," ते रस्त्याला सांगत होते. रस्त्यावर एक टमाटरवाला होता. तो थांबला, बाबांनी वर्तमानपत्र हलवल्यावर पुढे गेला. गल्लीनं ही पद्धत स्वीकारली होती.

मोतीराम भैसारे एस.टी.च्या आगारात आधी कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक. कोणती गाडी कोणत्या फलाटाला, कोणता कंडक्टर कोणत्या गाडीवर, कोणाला रजा, सगळं त्यांच्या तोंडी. पवनीत कोणाची तेरवी, कोणाचं लग्न, हे आम्हाला आधी कळायचं, कारण रजा मागायला लोक घरी यायचे.

आम्ही जवळ गेलो तसे बाबा उठले. कष्टानं. हात जोडले. मग मला कळायच्या आत गुडघे टेकून त्यांनी आधी भन्तेजींना आणि मग मला वंदन केलं. कपाळ जमिनीला.

"वंदामि, भन्ते."

रीतच आहे. आईबापही पोराला वंदन करतात, चीवराला करतात. पोरानं मात्र वाकायचं नाही. हे मला पाठ होतं. बाबांच्या डोक्यावर मागच्या बाजूला केस विरळ झाले होते, ते मी पहिल्यांदा वरून पाहिलं.

"सुखी व्हा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"कुठले भन्तेजी?"

"इथलाच. पवनीचा."

"हो का? कोणाच्या घरचे?"

भन्ते शीलवंस आकाशाकडे बघत होते. "तुमच्याच, बाबा. अश्विन," मी म्हणालो.

बाबा हसले. थट्टा करणाऱ्या भन्तेला जेवढं हसायचं तेवढंच. "अश्विनचे केस लय दाट आहेत," ते म्हणाले.

मी परवानगीचं काढलं. भिक्षू व्हायचंय, तुम्ही जा म्हणा.

"भन्तेजीले मी कोण परवानगी देणारा?" ते घाबरले. "मी गृहस्थ माणूस. पाप लागंल मले."

*

आत छायाताई पोळ्या लाटत होती. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, अंगणवाडीत सेविका. भन्तेजी पाहत असताना तिनं मला रीतसर वंदन केलं. ते हातपाय धुवायला मागं गेले तसं लाटणं उगारलं. भन्तेला बाईनं हात लावायचा नसतो. लाटण्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

"दोन वर्षांत एकदा आला, तोही मायच्या जलदानाले! आता कायले आला?"

मी सांगितलं. तिनं पोळी तव्यावर टाकली.

"असं नाई देणार ते परवानगी. भगवे कपडे पाहून पायच धरत बसतीन. ती घे." तिनं भिंतीकडे पाहिलं. खिळ्यावर बाबांची चामड्याची तिकिटांची बॅग टांगलेली होती, पट्ट्याला पंच. "बॅग दिसली की समोरचा माणूस कंडक्टर. बाकी काई पाह्यत नाई. मी सकाळी पर्स घेऊन निघाली का मले अड्याळच्या गाडीवर लावतेत."

"मग?"

"मग काय? जातो ना मी अड्याळले. अंगणवाडीत जातो आणि दुपारी येऊन सांगतो, आली गाडी, वेळेवर आली. खुश होतेत."

मी भन्तेजींना विचारलं, श्रामणेरानं कंडक्टरची बॅग घ्यावी का. त्यांनी विचार केला.

"झोळी चालते. टोपी घालू नकोस, डोकं झाकायचं नसतं. आणि त्या पंचाचा आवाज करू नकोस. वादन होतं, ते वर्ज्य आहे."

जेवण बाराच्या आत उरकलं आणि मी बॅग खांद्यावर टाकून, भगव्या चीवरावर चामड्याचा काळा पट्टा, बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. भन्तेजी दाराजवळच्या खाटेवर डोळे मिटून बसले. टमाटरवाला परतीच्या वाटेवर होता, तो थांबूनच राहिला.

"साहेब, रजा पाहिजे होती."

बाबांची पाठ सरळ झाली. कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती इतकी. आवाजही बदलला.

"नाव?"

"अश्विन भैसारे."

"भैसारे? आमच्यातलाच दिसतेस. बिल्ला नंबर?"

"अजून मिळाला नाही, साहेब."

"नवा आहेस. आल्या आल्या रजा! कारण?"

"धम्माचं काम आहे."

"चांगलं आहे. कुठं?"

"इंग्लंड."

"कोणत्या मार्गे?"

"नागपूर, मुंबई, दुबई."

बाबांनी डोक्यात फलाट लावून पाहिले. "नागपूरले गाडी बदला लागंल. इथून थेट नाही."

"हाव, साहेब."

"परत कधी?"

माझी आधीची उत्तरं सहज आली होती, कारण खरी होती. हे आलं नाही. खाटेवर भन्तेजींचे डोळे मिटलेले होते आणि कान माझ्याकडे होते. पण खरं सांगायचं तर कान नसते तरी मला तारीख सांगता आली नसती.

"माहीत नाही, साहेब."

"नामंजूर."

"साहेब—"

"हे पाह्य," बाबा समजुतीनं म्हणाले, "रजेले शेवट लागते. ज्याले शेवट नाही ते रजा नोय, ते राजीनामा होय. राजीनामा आगारप्रमुखाकडं. मी नाही घेत." मग जरा थांबून, "माझाही एक पोरगा आहे. अश्विनच नाव. कुठी भेटला तर म्हणजो, घरी बलावलं."

"सांगतो, साहेब."

टमाटरवाल्यानं गाडी ढकलली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. बाबांना मी आठवत नव्हतो. नाव, बिल्ला, कारण, कुठं, कोणत्या मार्गे. परत कधी? नामंजूर. दुपारी पुन्हा. या वेळी मी म्हणालो, "काम संपलं की." ते म्हणाले, "काम कधी संपते कोणाचं?" आणि नामंजूर केलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतली चार माणसं हा कार्यक्रम बघायला येऊन बसू लागली. एकानं मला सल्ला दिला की आधी वैद्यकीय रजा मागावी.

रात्रीसाठी भन्तेजी गावातल्या विहारात गेले होते. मी अंगणात होतो. ताई भांडी घासत होती.

"आठ दिवस म्हण ना."

"खोटं होते."

"मंग लवकर म्हण."

"तेही खोटं."

"चार वाजता त्याईले तू आला होता हे आठवत नाई. खोटं लागंल कोणाले?"

"चौथं शील आहे, ताई. मी लोकांना रोज देतो ते. मुसावादा वेरमणी. आणि ज्या परवानगीनं भिक्षू व्हायचं, तीच खोटं बोलून—"

"मले शील नको सांगू!" तिनं हातातला पातेल्याएवढा गंज आपटला. "रोज सकाळी त्याईची लुंगी बदलवतो मी. रात्री उठून गाड्या सोडतेत, तेव्हा दाराले पाठ लावून बसतो. कोणतं शील म्हणतेत त्याले?"

नळाला पाणी येत होतं जात होतं.

"मी जावं असं तुले वाटते का?" मी विचारलं.

"मले कोणी विचारलं? तुह्या भन्तेजीच्या प्रश्नाईत बहिणीचा प्रश्न आहे का?"

मी मनातल्या मनात सगळे म्हणून पाहिले. मनुष्य, पुरुष, कर्ज, राजा, कोड, गळू, फेफरं, आई-वडील, वय, पात्र, चीवर.

"नाही."

"मंग झालं तर." तिनं गंज पालथा घातला. "जा."

या खेपेची ही पहिली परवानगी. नियमात तिचा उपयोग नव्हता.

*

तिसऱ्या दिवशी भन्तेजी म्हणाले, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. संघ ठरलेल्या दिवशी जमणार होता. नाही तर पुढचं पाहता येईल.

"पुढचं म्हणजे?"

"म्हणजे वर्षावासानंतर."

"तोवर ते दुसरा माणूस शोधतील, भन्ते."

"शोधतील," ते म्हणाले. "तुला वाईट वाटतंय?"

"आम, भन्ते."

"जायला मिळणार नाही म्हणून, का वडिलांनी नाही म्हटलं म्हणून?"

हा प्रश्न यादीत नव्हता.

दिवस कलला की बाबांचं बिघडायचं. ताईनं सांगितलं होतं, पण मी पाहिलं नव्हतं. सावल्या लांब झाल्या तसे ते खुर्चीवरून उठले, बसले, पुन्हा उठले. वर्तमानपत्र खाली पडलं. रस्त्याकडे बघत म्हणाले, "मुक्कामीची गाडी उभी आहे. कंडक्टर आला नाई."

"येईल, बाबा," ताई म्हणाली. "चहा घ्या."

"चहा कायचा! अंधार पडला का तिकडं लोक वाट पाह्यतेत. म्हातारी माणसं असतेत. कोणाले सांगू मी? माणूस नाई माह्याजवळ." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आईच्या वेळी तर ते कोण गेलं हेच विचारत होते. "गाडी जाईन नाई तर ते लोक काय करतीन?"

मुक्कामी गाडी म्हणजे शेवटची गाडी. संध्याकाळी निघते, रस्ता जिथं संपतो त्या गावात जाते, रात्रभर तिथंच राहते आणि सकाळी त्या गावची पहिली गाडी होऊन परत येते. ती ड्यूटी कोणाला नको असायची. देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात झोपायचं, डास, विंचू, कोणी दिलं तर जेवण. बाबा ती ड्यूटी नेहमी समजावून, खांद्यावर हात ठेवून द्यायचे.

मी आतून आमची गाठोडी घेऊन येत होतो. बॅग खिळ्याला अडकवायची राहून खांद्यावरच होती. बाबांनी वळून पाहिलं.

"तू! तो नवा ना तू?"

मी थांबलो. सकाळपासून एकदाही त्यांना मी आठवलो नव्हतो.

"हाव, साहेब."

"मुक्कामीवर जातेस का?"

"कोणत्या गावाले, साहेब?"

"तूच म्हणे ना." ते चिडले. "इंग्लंड."

ताईच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं हळूच ओट्यावर ठेवला.

"रजा नाही भेटणार तुले," बाबा म्हणाले. "पण ड्यूटी लावतो. जा. नागपूरले बदलजो. लोक थांबले असतीन, त्याईच्याशी नीट बोलजो. म्हाताऱ्या माणसाले हात देऊन चढवजो. सुटे नाई म्हणून कोणाले उतरवू नको." त्यांनी माझ्या खांद्यावर, पट्ट्यावरच, हात ठेवला. "आणि सकाळी पयली गाडी घेऊन येजो. लोकाईले दवाखाना असते, कचेरी असते. येजो."

परत कधी, हे त्यांनी विचारलं नाही. मुक्कामीला कोणी विचारत नाही. ती सकाळी येतेच.

मी हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. बाबांनीही उत्तरासाठी थांबून पाहिलं नाही. नियंत्रकाला उत्तर लागत नाही, गाडी लागते.

"जा ना," ते म्हणाले. "उशीर झाला."

मी भन्तेजींकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते.

"ऐकलं," ते म्हणाले.

भिक्षूनं गृहस्थाला वाकायचं नसतं. बॅगचा पट्टा कुठंतरी अडकला होता, म्हणून मी तो सोडवायला खाली वाकलो. बाबांची पावलं समोरच होती. पट्टा बराच वेळ सुटला नाही.

"डबल बेल दे," बाबा वरून म्हणाले.

मी पंच दोनदा दाबला. टक, टक. वादन झालं. भन्तेजी रस्त्याकडे बघत राहिले.

*

पुढचं थोडक्यात. संघ जमला, मला विचारलं, मनुष्य आहेस का. मी विचार न करता होय म्हणालो. आई-वडिलांची परवानगी आहे का? आम, भन्ते. आषाढी पौर्णिमेला मी इंग्लंडात होतो.

विहार पूर्वी दारूचा गुत्ता होता. तिकडे त्याला पब म्हणतात. बुद्धमूर्ती काउंटरवर आहे, कारण तीच सगळ्यांत उंच जागा, आणि बियरच्या तीन तोट्या कशानंच निघत नाहीत म्हणून त्यांना झेंडूची माळ घालतात. त्यांच्याकडे बघत मी लोकांना दारू न पिण्याचं पाचवं शील देतो. पाऊस आला की जमिनीला जुन्या बियरचा वास सुटतो. पाऊस रोज येतो. माणसं बहुतेक म्हातारी, गुडघे गेलेली. दाराला तीन पायऱ्या आहेत, तिथं मी उभा राहतो आणि हात देऊन चढवतो. बंगाजींचं म्हणणं खरं ठरलं. माझ्या हातून तिथं लोक ढंगानं मरतात.

बाबांशी फोनवर बोलायचो. ताई त्यांच्यासमोर फोन धरायची. त्यांना मी बातम्या देणारा वाटायचो. "आवाज वाढव," ते ताईला सांगायचे. मधल्या वर्षांत एक-दोनदा जायचं ठरवलं. एकदा कोणी आजारी होतं, एकदा बंगाजीच गेले, आणि गेल्या माघात माझा पासपोर्ट मुदतवाढीसाठी दिलेला होता, तेव्हा बाबा गेले.

जलदान विधीच्या दिवशी ताईनं फोन केला. गावातले भन्ते होते, पण ती म्हणाली, पंचशील तूच दे, बाबांच्या फोटोसमोर फोन ठेवते. लोक जमायला वेळ होता. मी काउंटरजवळ खुर्ची घेऊन बसलो. बाहेर दुपारीच अंधार होता.

"शेवटी काही म्हणाले का?"

"रोजचंच."

"रोजचं काय?"

ताईच्या मागं कोणीतरी सतरंजी झटकत होतं.

"मुक्कामी आली का," ती म्हणाली. "रोज सकाळी, चहाच्या आधी. खुर्ची स्टँडकडं वळवून बसत. माहं नाव गेलं, मायचं गेलं, स्वतःचं गेलं. हे नाई गेलं."

"तू काय म्हणायची?"

"पंक्चर झाली म्हणो. नाई तर वैनगंगेले पूर आहे, पुलावरून पाणी आहे. भर मे महिन्यात पूर सांगितला मी. एकदा डिझेल संपवलं."

"आणि ते?"

"म्हणत, पोरगा नवा आहे, पण गाडी सोडून पळणारा नाई. येईन."

काउंटरवरच्या दिव्याची वात मी सरळ केली. ती सरळच होती.

"मले आधी काऊन नाई सांगितलं, ताई?"

"तुले सांगून काय?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "गाडी तर तुह्याचजवळ होती."

मग लोक आले. मी त्रिसरण म्हटलं, ती माझ्यामागून म्हणत गेली. पंचशील सुरू केलं. पहिलं ती म्हणाली. दुसरं, तिसरं. बाकीच्यांचे आवाज फोनवर एकमेकांत मिसळलेले होते, पण तिचा जवळ होता, स्पष्ट ऐकू येत होता.

"मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि," मी म्हणालो. खोटं बोलण्यापासून दूर राहीन.

लोक म्हणाले. ताईचा आवाज आला नाही.

मी थांबलो नाही. थांबण्याची रीत नाही. पाचवं म्हणालो. पाचवं ती म्हणाली, मोठ्यानं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी एक अर्ज लिहिला. तो कुठं पाठवायचा हे मला माहीत नाही, म्हणून इथं देतो.

प्रति,
मा. मोतीराम भैसारे, वाहतूक नियंत्रक, सेवानिवृत्त व दिवंगत, यांस.

विषय : मुक्कामी गाडी विलंबाने आणत असल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय कळविण्यात येते की, आपल्या तोंडी आदेशानुसार अर्जदार मुक्कामी ड्यूटीवर रवाना झाला. प्रवाशांशी नीट बोलण्यात आले. वृद्धांना हात देऊन चढविण्यात आले. सुटे नाहीत म्हणून कोणासही उतरविलेले नाही. तथापि येथे अद्याप सकाळ न झाल्याने गाडी परत आणता आलेली नाही.

सदर गाडी पंक्चर असल्याबाबत, डिझेल संपल्याबाबत, तसेच मे महिन्यात वैनगंगेस पूर असल्याबाबत श्रीमती छाया मोतीराम भैसारे यांनी आपणास वेळोवेळी दिलेल्या सर्व खबरा अर्जदाराच्या नावावर नोंदविण्यात याव्यात व श्रीमती छाया यांचे नाव स्वच्छ ठेवण्यात यावे.

सबब, गाडी मार्गात आहे असे समजून फलाट क्रमांक दोन अन्य कोणत्याही गाडीस देऊ नये, आणि गाडी येईपर्यंत आपण खुर्ची सोडू नये, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
अश्विन भैसारे, कंडक्टर
बिल्ला क्रमांक : अद्याप मिळालेला नाही.